हात वर जाण्याआधी

साखरेचा डबा वरच्या फळीवर होता आणि फळीखाली बाबा बसले होते. तो रोजच्यासारखा घाईत होता. चहाचा कप टेबलावर आपटल्यासारखा ठेवून त्याने बाबांच्या डोक्यावरून हात नेला आणि बाबांची मान खांद्यांत गेली. फार नाही. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा माणूस आहे, शर्टाची कॉलर टोचली असेल. पण त्याची सगळी हयात माणसं कशी हलतात ते पाहून चित्रात उतरवण्यात गेली होती, त्यामुळे नको असलं तरी त्याला दिसायचं. आधी डोळे मिटले, मग हनुवटी आत गेली, मग खांदे वर आले, डावा उजव्यापेक्षा जरा जास्त. डबा हातात धरून तो तसाच उभा राहिला. बाबांनी पावाचा तुकडा चहात बुडवला, अर्धा मोडून कपात पडला आणि तो चमच्याने काढण्यात ते गुंतले. "थंडी वाजतेय का?" त्याने विचारलं. "नाही रे." "मग?" "मग काय?" असं म्हणून त्यांनी वर पाहिलं, तेव्हा चेहरा अगदी कोरा होता. त्यांनी मनगटावरचं सैल झालेलं घड्याळ वर सरकवलं, ते पुन्हा खाली घसरलं. त्याने साखर घातली, ढवळली, डबा परत वर न ठेवता टेबलावरच ठेवला आणि बूट घालायला गेला.

बसमध्ये मागची जागा मिळाली. खिडकीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले आणि त्याच्या धंद्यातली, हलती चित्रं काढणारी माणसं करतात तसं सकाळचं चित्र उलटं फिरवायला सुरुवात केली. हात डब्यावर आहे. हात डोक्यावर आहे. हात अजून टेबलाजवळ आहे. आणि इथेच तो अडकला, कारण हात टेबलाजवळ असताना बाबांची मान आधीच आत होती. त्याने पुन्हा फिरवून पाहिलं. तसंच दिसलं. म्हणजे बाबा दचकले नव्हते. दचकायला काय, कुणीही दचकतं, भांडं पडलं तरी दचकतं. बाबांना कळलं होतं की आता हात येणार, आणि ते तयार होऊन बसले होते. माणूस पाकीट हरवलं की सगळे खिसे चाचपतो, तसं त्याने स्वतःला चाचपून पाहिलं. हात कधी उगारला? कधीच नाही. शपथेवर सांगता आलं असतं. आवाज चढला असेल, चढतोच. सुटीच्या दिवशी आंघोळीआधी स्वेटर काढताना तो ओढतो, बाबांचा कान अडकतो, ते "अरे अरे" म्हणतात, तो थांबत नाही. शेवटचा घास तोंडात असतानाच ताटली उचलतो. बटणं लावताना त्यांची बोटं लटपटतात, तेव्हा ती बाजूला सारून स्वतः लावतो. यात काय एवढं? दोन माणसांचं सगळं एका माणसाने करायचं म्हटल्यावर भरभर करावंच लागतं. आई गेली तेव्हा बहिणीच्या घराचे जिने चढवत नाहीत म्हणून बाबा याच्याकडे आले, "चार दिवस राहतो" म्हणाले आणि राहिले. तोही काही म्हणाला नाही. त्याची बायको तर फार पूर्वीच त्याला सोडून गेली होती, जाताना "तुझ्याशी भांडताही येत नाही, तू नुसता आत जातोस" एवढंच म्हणून. घर रिकामंच होतं.

आणि आता सगळ्या इमारतीला बाबा आवडायचे. खालच्या मजल्यावरची शिक्षिका तर त्याला जिन्यात गाठून सांगायची, "किती शांत आहेत हो तुमचे वडील, नशीबवान आहात." नशीबवान! त्याला हसावं की डोकं आपटावं कळायचं नाही. या शांत माणसाला तो ओळखत नव्हता. त्याच्या ओळखीचे बाबा गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतून कापायचे. एकावर एक रचलेल्या कापडाच्या थप्प्या मोठ्या कात्रीने कापून कापून त्यांच्या उजव्या अंगठ्याला खड्डा पडला होता, वाटाणा मावेल एवढा. तो खड्डा त्याने फार जवळून पाहिला होता. मनगटावर धातूच्या पट्ट्याचं घड्याळ असायचं. ते कापडात अडकू नये म्हणून कापायला हात घालण्याआधी बाबा ते कोपराकडे वर सरकवायचे. घरीही सरकवायचे. पट्टा वर सरकताना किर्रर्र असा बारीक आवाज व्हायचा आणि तो ऐकला की आई स्वयंपाकघरातला नळ सोडायची. पाण्याचा आवाज मोठा असतो. लहानपणी त्याला वाटायचं, आई धुणं धुतेय. नळ शेजाऱ्यांसाठी होता हे त्याला कॉलेजात गेल्यावर कळलं, कुणी न सांगता, एका मित्राच्या घरी हात धुताना. पण हाताकडे तो कधीच पाहत नव्हता. हाताकडे पाहून उपयोग नसतो, तोवर उशीर झालेला असतो. तो घड्याळाकडे पाहायचा. घड्याळ हलायच्या आधी बाबा नाकाने श्वास घ्यायचे, हळूहळू त्याला तोही ऐकू यायला लागला. पुढेपुढे तर जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं. माणसाचं अंग पुढच्या हालचालीची वर्दी आधी देतं हे त्याला कुठल्या शाळेत शिकावं लागलं नाही. या धंद्यात आला तेव्हा शिकवणारे तेच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत होते आणि बाकीची मुलं वहीत उतरवून घेत होती.

मग आपली वर्दी कुठली, असं बसमधून उतरता उतरता त्याच्या मनात आलं आणि तो पायरीवरच थबकला. मागच्याने "चला की हो" म्हणून ढकललं. बाबा काहीतरी पाहून किंवा ऐकून आधीच तयार झाले होते. काय पाहून? त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. तो चालत राहिला, सिग्नलला उभा राहिला, लाल दिव्यातला उभा माणूस हिरव्या दिव्यात चालायला लागला तरी हा उभाच होता.

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या गोदामाचा वरचा मजला. टेबलांच्या दोन रांगा, पडद्यावर चित्र काढायची पेनं, कोपऱ्यात ध्वनिमुद्रणाची खोली, तिला आतून जाड गाद्या ठोकलेल्या. गेलं वर्षभर इथे एकच काम चाललं होतं. एका संस्थेने खऱ्या आईवडिलांना बोलावून त्यांच्या स्वतःच्या तोंडून गोष्टी मुद्रित करून घेतल्या होत्या. मूल वाढवताना आपण कसे बदललो, काय मोडलं होतं, ते कसं भरून आलं, असं सगळं. आवाज त्यांचा आणि चित्रं इथली. एक आई मुलीचं दप्तर उचकटायचं थांबली होती. एक आई रडायला न्हाणीघरात जायची ती आता मुलांसमोर रडते. एक बाप मुलाच्या सावत्रपणावर बोलायला शिकला होता. चांगलीच माणसं होती सगळी. पण दिवसभर कानात त्यांचे आवाज घालून त्यांच्या ओठांची उघडझाप काढत बसलं की संध्याकाळी त्याला शिणून जायला व्हायचं. दुसऱ्यांचं भरून आलेलं रोज पाहायचं, त्यावर सावली कुठे पडेल ते ठरवायचं आणि घरी जाऊन कुणाची तरी बटणं लावायची. ही मालिका बनवणारी बाई त्याच्याहून कितीतरी लहान होती, तरी सगळे तिला ताई म्हणायचे, तोही म्हणायचा. ती वाईट नव्हती. पेन्सिल चावायची, स्वतः जेवायची विसरायची, आणि "इथे थोडी ऊब हवी" असं म्हणायची. ऊब म्हणजे काय हे तिला विचारलं तर ती दोन्ही हातांनी हवेत कणीक मळल्यासारखं करायची. त्यावरून त्यांनी समजून घ्यायचं.

त्याच्या वाट्याला आलेल्या माणसाला सगळे मीठवाले म्हणत. त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आवाज घोगरा होता, मधेच खाकरायचे, पाणी प्यायचे, आणि ते पाण्याचे घोट ताईने कापू दिले नव्हते. त्याने कानावर हेडफोन चढवला आणि शंभरदा ऐकलेलं पुन्हा ऐकलं. "मी काही फार मारायचो नाही हो. म्हणजे... मारायचो. वाटायचं, सगळेच मारतात. एकदा जेवायला बसलो होतो, मी मीठ घ्यायला हात उचलला तर पोरगा एवढासा झाला. आधी मला हसूच आलं. म्हटलं, अरे वेड्या, मीठ घेतोय. तर म्हणाला, हो, माहितीय. माहितीय म्हणाला आणि तरी तसाच बसला, मान आत घालून." इथे पाण्याचा घोट. "आता काय विचारणार त्याला? घाबरतोस का, असं विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता. मीही लहानपणी नाहीच म्हणायचो. मग मी आपला सांगायला लागलो. मीठ घेतोय हं. दिवा लावतोय. तुझ्या मागून जातोय. बायको म्हणाली, तुमचा काय रेडिओ झालाय? झाला तर झाला. किती दिवस काय विचारता, वर्षं गेली. आता उंच झालाय माझ्याहून. आता तोच मला सांगतो, बाबा, मी शिंकतोय हं." आणि ते हसायचे, हसता हसता पुन्हा खाकरायचे. हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा सगळा स्टुडिओ हसला होता, ताईने डोळे पुसले होते आणि त्यांचा भाग शिंकेवर संपवायचा असं तिथेच ठरलं होतं. तो हसला होता की नाही हे त्याला आठवत नव्हतं. बहुतेक तो पाण्याच्या घोटाशी काय काढायचं याचा विचार करत होता.

मान आत घेण्याचं चित्र त्याने कालच पुरं केलं होतं. सहज झालं होतं, फार सहज. एरवी एखादा हात वळवायला त्याला दिवस लागायचा, इथे पेन आपणहून चाललं. आता ताई मागे येऊन उभी राहिली, खांद्यावरून वाकून तिने ते दोनतीनदा फिरवून पाहिलं आणि पेन्सिल तोंडातून काढली. "हे उलटं झालंय का हो? मुलगा आधीच आत जातोय. बाबांचा हात नंतर उठतोय." तो म्हणाला, "उलटं नाही." "पण मग लोकांना कळणार कसं तो कशाला घाबरला ते? आधी हात, मग मुलगा, असं हवं ना? आज चार वाजता संस्थेची माणसं बघायला येतायत. त्यांना चूकच वाटेल." "चूक नाहीये ती," तो म्हणाला. आवाज जरा कडक निघाला. मग त्याचं त्यालाच थकल्यासारखं झालं आणि तो म्हणाला, "बदलतो. तुम्ही म्हणाल तसं करतो." ताई तिथेच उभी राहिली. तिला असं जिंकायला आवडत नसे. "असं करू," ती म्हणाली, "करून बघू. तुम्हीच मुलगा व्हा. मोबाइलवर घेते मी. खरं माणूस कसं करतं ते दिसेल." ही त्यांची नेहमीची रीत होती. पळणारं माणूस काढायचं असेल तर कुणीतरी त्या मजल्यावर पळायचं, पडणारं काढायचं असेल तर गादीवर पडायचं, आणि बाकीच्यांनी टिंगल करायची. बाप व्हायला ध्वनिमुद्रणवाल्याला बोलावलं. त्याला सगळे कान म्हणत. लांबलचक माणूस, कुणावर ओरडताना त्याला कधी कुणी पाहिलं नव्हतं, मारायचं तर लांबच. "मी बाप? बरं बरं," असं म्हणत तो आला, गळ्यात हेडफोन, आणि टेबलापाशी उभा राहिला. हा खुर्चीवर बसला. ताईने मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवला, "एक मिनिट हं," म्हणाली, मग "हं, करा," म्हणाली. कानाने मीठ घ्यावं तसा हात उचलला, याने मान आत घेतली. पुन्हा केलं. पुन्हा केलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ऑस्कर द्या यांना." सगळे हसले, तोही हसला.

मग तिघांनी डोकी जवळ आणून मोबाइल पाहिला. केलेले सगळे प्रयोग वाईट होते, नाटकात लहान पोरं करतात तसे. त्याला बरं वाटलं. पण ताईने सुरुवातीला नेलं, कारण तिने "करा" म्हणायच्या आधीच मोबाइल सुरू झाला होता. तिथे तो नुसता खुर्चीत बसला होता, खिडकीकडे पाहत. कान शेजारी उभा होता. कानाचं कोपर किंचित मागे आलं, आणि खुर्चीतल्या माणसाचे डोळे मिटले, हनुवटी आत गेली, खांदे वर आले, डावा उजव्यापेक्षा जास्त. त्यानंतर कानाचा हात उठला आणि गळ्यातला हेडफोन सारखा करून खाली आला. खुर्चीतला माणूस पुन्हा खिडकीकडे पाहायला लागला, काहीच झालं नाही असा. ताईने ते पुन्हा लावलं नाही. कान म्हणाला, "मी सुरूच केलं नव्हतं अजून. हेडफोन टोचत होता." जणू चूक त्याचीच होती. याची कानशिलं तापली. आपल्याला हे झालेलं कळलंसुद्धा नाही, आपण तर खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाहत होतो, हे त्याला सांगावंसं वाटलं. पन्नाशी उलटलेला माणूस. केस गेलेले. बाबांचा हात आता कपसुद्धा धड धरत नाही. आणि हे मानेतलं अजून तिथेच होतं, कुणी पाहिलं नाही, तोही पाहत नव्हता, बायकोने मात्र पाहिलं असणार. तू नुसता आत जातोस, ती म्हणाली होती. त्याला वाटलं होतं, ती स्वभावाबद्दल बोलतेय.

"असंच ठेवा," ताई म्हणाली. "तुम्ही काढलंय तसंच. त्यांनी विचारलं तर मी सांगेन." आणि मोबाइल तिथेच ठेवून निघून गेली. कान मात्र रेंगाळला. त्याने मोबाइल कानाशी धरून पुन्हा ऐकला, त्याला सवयच होती, लोक चित्र पाहायचे तेव्हा हा खोलीतला आवाज ऐकायचा. "तुला एक सांगू का, रागावू नकोस," तो म्हणाला. "तू सारखं च् करतोस. जीभ टाळूला लावून. हे बघ, इथे खुर्चीवरून उठताना. दिवसभर करतोस. पेन उचलायच्या आधी, दार उघडायच्या आधी. मागे तू चित्रांसाठी पावलांचे आवाज करून दिलेस ना, त्यातनं मला ते एकेक वेचून काढावं लागलं होतं." "च्?" त्याने विचारलं. "हां. कंटाळल्यासारखं. म्हणजे तू कंटाळलेला नसशीलही, पण येतं तसं." कान गेला. तो पडद्यासमोर बसून राहिला. पेन उचलायला हात पुढे झाला आणि त्याने स्वतःचं ऐकलं. च्. अगदी बारीक. सकाळी टेबलावर कप ठेवला, च्. स्वेटर ओढायच्या आधी, च्. घास तोंडात असताना ताटलीकडे हात, च्. बाबांना तर हल्ली नीट ऐकूही येत नाही म्हणतात, दाराची घंटा ऐकू येत नाही, बहिणीचा फोन आला तर "मोठ्याने बोल" म्हणतात. पण हे ऐकू येत होतं. लहानपणी त्यालाही शाळेत मागच्या बाकावर फळ्याजवळचं ऐकू यायचं नाही, आणि जिन्यावरची पावलं यायची.

चार वाजता संस्थेची माणसं आली, खुर्च्या मांडून बसली. मुलाची मान आत गेली तेव्हा त्यांच्यातल्या एका चष्मेवाल्या गृहस्थाने स्वतःच्या मानेवरून हात फिरवला आणि तो हात बराच वेळ तिथेच राहू दिला. कुणीही चूक म्हणालं नाही. शिंकेला सगळे हसले. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याला आनंद व्हायला हवा होता, ताई तर वळून वळून त्याच्याकडे पाहत होती, पण त्याला फक्त घरी जावंसं वाटत होतं आणि घरी जायची भीतीही वाटत होती. इतकी वर्षं त्याच्या मनात बाबांविरुद्ध एक खटला चालू होता. साक्षीदार तोच, न्यायाधीश तोच, फक्त निकाल राहिला होता, कारण समोरचा माणूस इतका म्हातारा आणि इतका गोड झाला होता की शिक्षा कुणाला द्यायची तेच कळेना. आणि आता हे. त्याला वाईट वाटत होतं आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, खरं सांगायचं तर, एक बारीक समाधानही होतं, आता कळलं ना कसं वाटतं ते, असं. त्याने ते पाहिलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. परतीच्या बसमध्ये तो उभ्याने आला, जागा असूनही.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. अंधारायला लागलं होतं, दिवा लावलेला नव्हता. ते स्वतः लावू शकत होते, पण लावत नसत, तो येईपर्यंत बसून राहत. एरवी दारातूनच तो "अंधारात काय बसता हो" असं म्हणत बटण दाबायचा. आज त्याने जीभ दातांत धरली. "बाबा, मी आलोय." "हं." "दिवा लावतोय हं." "लाव की." त्याने लावला. "पडदा ओढतोय. तुमच्या मागून येतो." बाबांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "मी काय आंधळा झालोय का?" "नाही." "मग हे काय?" "काही नाही, असंच." तो मागून गेला, सावकाश, आणि जाताना त्याला मानेवरचे पांढरे केस दिसले, न्हाव्याने नीट न उतरवलेले, आणि कॉलरीच्या आतली सैल कातडी. किती बारीक मान होती ती. एवढ्याशा मानेतून या माणसाचा तो आवाज कसा निघायचा कोण जाणे. पडदा ओढताना कड्या वाजल्या तेव्हा बाबांचे खांदे जरासे वर गेले आणि तिथेच राहिले. त्याने काही विचारलं नाही. मीठवाल्यांनीही विचारलं नव्हतं.

जेवायला ते समोरासमोर बसले, बाबा फळीखाली आणि तो खिडकीकडे पाठ करून. सूप अळणी झालं होतं. मीठ वर फळीवर होतं. त्याला हसू येता येता राहिलं. च् जिभेवर आलं होतं ते त्याने गिळलं. "बाबा, मी वरून मीठ घेतोय." बाबांनी चमचा खाली ठेवला. तो उठला, हात हळूच वर नेला, इतका हळू की स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं. बाबांची मान आत गेलीच. सांगूनही गेली. पण या वेळी डोळे उघडे होते आणि ते हाताकडे पाहत होते, वर जाताना, बरणीवर, मग खाली येताना, टेबलापर्यंत. तो बसला. त्याने दोघांच्या सुपात मीठ घातलं. "काय झालंय तुला आज?" बाबा म्हणाले. "कामावर एक गोष्ट आहे," तो म्हणाला, आणि त्याने सांगितली. हात, मुलगा, "हो, माहितीय", रेडिओ, सगळं. सुपाकडे बघत सांगितली, कारण वर बघून सांगणं त्याला जमलं नसतं. आता बाबा काहीतरी म्हणतील, असं त्याला वाटत होतं. काय म्हणतील? इतक्या वर्षांत त्याने त्यांच्या तोंडी किती वाक्यं घातली होती. ओठांची उघडझापसुद्धा काढून ठेवली होती, फक्त आवाज यायचा बाकी होता. बाबांनी ओठ पुसले. "मग पोरगा काय म्हणाला?" "आता तो मोठा झालाय. आता तोच सांगतो, बाबा, मी शिंकतोय हं." बाबा हसले, दात नसलेल्या बाजूने. "बरं आहे," ते म्हणाले. "हुशार आहे पोरगा." आणि सूप पिऊ लागले. बस, एवढंच. त्याला रडू आलं नाही, रागही आला नाही, फक्त खूप थकवा आला, खुर्चीतच झोपावं असा. त्याने पाव मोडला.

बाबांनी वाटी बाजूला सारली. मग त्यांनी घड्याळ वर सरकवलं. पट्टा हाडावरून कोपराकडे गेला, किर्रर्र, आणि नाकातून श्वास आला. त्याचे डोळे मिटले. हनुवटी छातीला लागली, खांदे कानांपर्यंत आले, हातातला पाव टेबलावर पडला, आणि या वेळी त्याला हे सगळं होताना कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. काहीच लागलं नाही. त्याने डोळे उघडले. बाबा अर्धवट उठलेले होते, एक हात टेबलावर टेकून, दुसरा टेबलावरून त्याच्या दिशेने पुढे आलेला, हवेतच थांबलेला. अंगठ्याचा खड्डा अजून तसाच होता. बाबा त्या हाताकडे पाहत होते, कुणा दुसऱ्याचा असावा तसे. मग त्यांनी त्याच्या खांद्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चष्मा घेतोय," ते म्हणाले. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाले. "चष्मा घेतोय रे. तुझ्या मागे आहे, खिडकीत."

"हो," तो म्हणाला. "माहितीय."

हात सावकाश त्याच्या कानाजवळून मागे गेला, खिडकीच्या कट्ट्यावर चाचपडला आणि चष्मा घेऊन तसाच सावकाश परत आला. बाबा बसले. चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला नाही, हातातच धरून ठेवला. त्याचे खांदे खाली यायला वेळ लागत होता, आणि तोवर ते थांबले.